बारावीला कमी गुण आणि नर्सिंगला प्रवेश: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

निकालाच्या आठवड्यात माझ्याकडे एकच प्रश्न येतो. "अठ्ठेचाळीस टक्के आहेत, नर्सिंग मिळेल का?" या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, कारण बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशात त्या अठ्ठेचाळीसला कुणी विचारतच नाही. जे गुण मोजले जातात ते वेगळे, आणि जागा ज्या यादीवर वाटल्या जातात ती यादी आणखी वेगळी.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीचे गुण उंबरठ्यापुरते लागतात. उंबरठा ओलांडला की तुमचे ४६ आणि शेजारणीचे ८६ सारखेच. पुढची गुणवत्ता यादी सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, लागते. म्हणजे कमी गुणांची मुलं हरतात ती बहुतेक वेळा गुणांमुळे नाही. सीईटीचा अर्ज वेळेत न भरणं, एखादा दाखला नसणं, पसंतीक्रम चुकवणं, यातलं काहीतरी घडलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. टप्पा ४ आणि ५ ची कामं तेवढी निकालाआधीच सुरू करायची असतात. माहिती महाराष्ट्रातल्या प्रवेशाची आहे.

## टप्पा १: गुणपत्रिका हातात घ्या आणि तीनच विषय जोडा

बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची अट अशी आहे: बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी उमेदवारांना ४५ ऐवजी ४०. राज्यातल्या बाकी प्रवर्गांनी आपला आकडा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा.

आता हिशोब. प्रत्येक विषय १०० गुणांचा, त्यात ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. तीन विषयांचे ३००. त्याचे ४५ टक्के म्हणजे १३५ आणि ४० टक्के म्हणजे १२०. हे दोन आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

गणित, मराठी, आयटी, भूगोल यांचे गुण इथे धरत नाहीत. म्हणूनच एकूण ५४ टक्के असलेला मुलगा अपात्र ठरू शकतो, कारण त्याला मराठी आणि आयटीने वर उचललेलं असतं आणि पीसीबीची (वरच्या तीन विषयांची) बेरीज १२८ च असते. उलट गणितात कसाबसा ३५ वर सुटलेला, एकूण ४७ टक्क्यांचा मुलगा पीसीबीत १४१ घेऊन आरामात पात्र असतो. दोघंही माझ्यासमोर बसून गेले आहेत, आणि रडत होता तो दुसरा.

तपासा: प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे पास आहात ना? बेरीज १३५ च्या वर आहे, पण भौतिकशास्त्र राहिलंय, असं चालत नाही.

सावध: १३४ म्हणजे ४४.६७ टक्के. ते "पंचेचाळीसच धरतील" हे फक्त नातेवाईक म्हणतात.

वयाचंही इथेच पाहून घ्या. प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत. लवकर शाळेत घातलेल्या एखाद्या मुलीचं घोडं नेमकं इथे अडतं.

## टप्पा २: एक-दोन गुणांनी हुकलंय? मग लगेच हालचाल करा

तुमची बेरीज १२५ ते १३४ च्या आसपास असेल, तर दोन वाटा आहेत. एकीला काही दिवसांचीच मुदत असते.

पहिली वाट उत्तरपत्रिकेची. राज्य मंडळाकडून गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन दोन्ही होतं, पण लोक या दोन्हींची गल्लत करतात. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढंच पाहतात. पुनर्मूल्यांकनात उत्तर पुन्हा तपासलं जातं, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी लागते. प्रत मिळाल्यावर थेट अर्ज टाकू नका. ती त्या विषयाच्या शिक्षकांसमोर ठेवा आणि विचारा, "सर, यात खरंच दोन गुण वाढतात का?" त्यांनी मान हलवली तरच पैसे भरा. प्रत मिळाल्यापासून पुढच्या अर्जाला मोजके दिवस असतात, तेव्हा ती दप्तरात पडू देऊ नका.

दुसरी वाट श्रेणी व गुणसुधार योजनेची. सर्व विषयांसह पहिल्यांदाच उत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा परीक्षेला बसता येतं आणि त्यासाठी लगतच्या तीन संधी मिळतात. पहिली संधी निकालानंतरच्या पुरवणी परीक्षेचीच असते. अर्ज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. निकालानंतर सुट्टीवर गावी गेलेल्यांची ही पहिली संधी हमखास जाते.

बेरीज ११० च्या खाली असेल तर माझं मत वेगळं आहे. पंचवीस-तीस गुण वाढवायचे तर पुरवणी परीक्षेच्या तयारीला मिळणारे थोडे आठवडे पुरत नाहीत. आधी पुढचा टप्पा वाचा, मग ठरवा.

## टप्पा ३: कोणता अभ्यासक्रम, हे गुणांवरून ठरवा, हट्टावरून नको

नर्सिंगला तीन दारं आहेत आणि प्रत्येकाचा उंबरठा वेगळ्या उंचीचा.

बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षं, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. अट वर सांगितली.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी). तीन वर्षांची पदविका. बारावी कोणत्याही शाखेची चालते, विज्ञान असेल तर बरं. एकूण किमान ४० टक्के हवेत, *आणि इंग्रजीतही स्वतंत्र ४० टक्के.* हा दुसरा भाग कुणी वाचत नाही. मंडळाच्या परीक्षेत ३५ ला पास होता येतं, त्यामुळे इंग्रजीत ३७ मिळालेली मुलगी "मी पास आहे" म्हणून निर्धास्त असते आणि अर्ज छाननीत बाहेर पडतो. तुमचं असं असेल, तर गुणसुधार योजनेचा सगळ्यात स्वस्त उपयोग इथेच आहे: इंग्रजीचे तीन गुण.

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ). दोन वर्षं, मुलींसाठी. बारावी उत्तीर्ण एवढं पुरतं, कला शाखाही चालते. गावातल्या उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्य सेविका या शिक्षणातून येतात.

ही दारं एकमेकांना आतून जोडलेली आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. एएनएम उत्तीर्ण होऊन परिचर्या परिषदेत नोंदणी झालेल्या मुलीला जीएनएमला अर्ज करता येतो. जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. म्हणजे आज पदवीचं दार बंद असलं तरी ती इमारत बंद नाही, जिना थोडा लांबचा आहे.

आता वर्षं मोजा. खुल्या प्रवर्गातल्या, पीसीबीत ११५ गुण असलेल्या मुलीपुढे दोन पर्याय आहेत. एक वर्ष घरी बसून गुण सुधारायचे, मग चार वर्षं बी.एस्सी. एकूण पाच. किंवा जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन. तीही पाचच. फरक असा की दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात नोंदणी असते, पगार सुरू होऊ शकतो, आणि पहिल्या वाटेवरचं पहिलं वर्ष पुन्हा बारावीच्याच पेपरांवर अवलंबून असतं. घरची ओढाताण असेल तर मी दुसरी वाट सुचवते. घरचे थांबू शकत असतील आणि मुलगी अभ्यासात खरंच मागे नसून त्या वर्षी आजारी वगैरे पडली असेल, तर पहिली.

सावध: पुण्याच्या एएफएमसीतल्या (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या) बी.एस्सी. नर्सिंगचं स्वप्न कमी गुणांच्या मुलींना बरेच जण दाखवतात. तिथे पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्के आणि नीट परीक्षा लागते. गुण सुधारून तिथे जाता येत नाही.

सावध, आणि हे ठळक वाचा: सहा महिन्यांचा "नर्सिंग असिस्टंट", एक वर्षाचा "बेडसाइड नर्सिंग", "घरबसल्या जीएनएम" यांतून परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही. कामाला ठेवलं तरी मदतनीस म्हणून. मूळ नर्सिंग दूरस्थ पद्धतीने होतच नाही. कमी गुणांच्या मुलांच्या घरचे फोन नंबर या जाहिरातवाल्यांकडे कसे पोहोचतात, हे मला अजून कळलेलं नाही.

## टप्पा ४: सीईटीचा अर्ज निकालाआधी भरायचा असतो

खरं तर हा टप्पा पहिला यायला हवा होता. पण लोक मला भेटतात तेच निकालानंतर.

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी राज्य सीईटी कक्ष घेतो. तिचे अर्ज हिवाळ्यात, म्हणजे बारावीची लेखी परीक्षा व्हायच्या आधीच्या काळात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होते. निकाल लागल्यावर "आता नर्सिंगचा फॉर्म भरू" म्हणणाऱ्याची वरातीमागून घोडं अशी गत होते. त्यामुळे तुम्ही आज बारावीत असाल आणि पहिल्या सत्रातच गुण काठावर दिसत असतील, तर हा अर्ज भरून ठेवा. निकाल चांगला लागला तर गेले अर्जाचे पैसे. वर्ष तरी वाचलं.

अर्ज भरताना तीन ठिकाणी चुका होतात.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच. आधार कार्डावर "सुनिता" आणि दहावीवर "सुनीता" असेल तर अर्ज दहावीप्रमाणे भरा आणि आधार दुरुस्त करून घ्या.

प्रवर्ग. "नंतर बघू" म्हणून खुला प्रवर्ग टाकू नका आणि दाखल्याची खात्री नसताना राखीवही टाकू नका. पुढचा टप्पा वाचल्यावर हे लक्षात येईल.

मोबाइल आणि ईमेल. सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊ नका. पासवर्ड त्याच्याकडे आणि ओटीपीही त्याच्याकडे, असं झालं की प्रवेश फेरीच्या शेवटच्या दिवशी तो लग्नाला गेलेला असतो.

तपासा: जीएनएम आणि एएनएमच्या सूचना वेगळ्या निघतात. बी.एस्सी.चा अर्ज भरला म्हणजे तेही झालं, असं नाही. ज्या दारांत बसता येईल त्या सगळ्यांचे अर्ज भरा.

## टप्पा ५: कागद. इथे कमी गुणांच्या मुलांचा खरा कस लागतो

जास्त गुण असलेल्या मुलीचा दाखला राहिला तर तिचं नुकसान फीमध्ये किंवा कॉलेजमध्ये होतं. तुमचं तसं नाही. पीसीबीत १२६ गुण असलेली ओबीसी मुलगी ४० टक्क्यांच्या सवलतीवर पात्र ठरते. तिच्याकडे नॉन-क्रिमिलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) नसेल तर तिला खुल्या प्रवर्गात धरतात. खुल्या प्रवर्गाला १३५ लागतात. म्हणजे ती खालच्या क्रमांकावर जात नाही, ती यादीतूनच बाहेर जाते. हे एकदा नीट समजलं की सेतू केंद्रापुढच्या रांगेचा कंटाळा येत नाही.

कागदांची जमवाजमव जानेवारीत सुरू करा. जूनमध्ये अख्खा तालुका त्या रांगेत असतो.

जातीचा दाखला आणि जात वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून, आणि तिला महिने लागतात. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकला असेल तर उत्तम. नसेल तर आज टाका. वडिलांकडची जुनी वैधता असेल तर ती जोडा, काम सोपं होतं.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची तारीख पाहा. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. "आहे की आमच्याकडे" म्हणून दाखवलेलं प्रमाणपत्र मागच्या मार्चलाच संपलेलं असतं. अनुसूचित जाती आणि जमातींना हे लागत नाही.

ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र जागांसाठी उपयोगी आहे, गुणांच्या अटीत सवलत देत नाही. तिथे ४५ च.

बाकीची यादी अशी: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, पुस्तिकेतल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, सीईटीचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. वर्ष गेल्याची लाज वाटून ते लपवू नका. खंड असणं हा दोष नाही, पण प्रतिज्ञापत्र नसणं ही त्रुटी धरली जाते.

तपासा: प्रत्येक कागद मूळ प्रतीवरून स्कॅन करा, झेरॉक्सवरून नको. चारही कोपरे दिसायला हवेत. मोबाइलने काढलेल्या फोटोत शिक्का पुसट आला तर छाननीत तोच कागद परत येतो.

## टप्पा ६: सीईटीचा अभ्यास, कमी गुण असलेल्या मुलाच्या नजरेने

ज्याला बारावीत भौतिकशास्त्राने मारलं, तो सीईटीच्या अभ्यासाला भौतिकशास्त्रापासून बसतो. त्याला वाटतं, कच्चं ते आधी पक्कं करावं. चूक आहे ती.

परीक्षेची रचना पाहा. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. भौतिकशास्त्र २०, रसायनशास्त्र २०, जीवशास्त्र २०, इंग्रजी २०, नर्सिंग अभिक्षमता (ॲप्टिट्यूड) २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

यातले इंग्रजी आणि अभिक्षमता मिळून ४० गुण असे आहेत, ज्यांना दोन वर्षांचा साचलेला अभ्यास लागत नाही. जीवशास्त्र धरलं तर ६० झाले. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या उरलेल्या ४० साठी बाकीची मुलं भांडत असतील, तोपर्यंत तुम्ही आपला पाया इथे घालायचा.

जीवशास्त्रात बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकातली 'रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन', 'कंट्रोल अँड को-ऑर्डिनेशन', 'ह्यूमन हेल्थ अँड डिसीजेस' ही प्रकरणं आधी घ्या. पुढे नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र आहेच, तेव्हा हा अभ्यास दोनदा कामी येतो. मग अनुवंशिकता आणि प्रजनन. वनस्पतींची प्रकरणं शेवटी, पण सोडू नका.

इंग्रजीत काळ, शब्दयोगी अव्ययं, आर्टिकल, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि उताऱ्यावरचे प्रश्न. मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांना याचीच धास्ती असते. रोज एक उतारा मोठ्याने वाचा आणि न कळलेले पाच शब्द लिहा. दोन महिन्यांत फरक दिसतो.

रसायनशास्त्रात 'बायोमॉलिक्यूल्स', 'पॉलिमर', 'ग्रीन केमिस्ट्री' अशी वाचून येणारी प्रकरणं आधी. भौतिकशास्त्रात एकक आणि मिती, अणू आणि अणुकेंद्र, सेमीकंडक्टर. ज्या प्रकरणाचं पहिलं गणितच सुटत नाही, त्यावर आठवडा घालवू नका.

परीक्षेत क्रमही असाच ठेवा. जीवशास्त्र, इंग्रजी, अभिक्षमता हे ६० प्रश्न पहिल्या ४५ मिनिटांत. मग रसायनशास्त्राला २० ते २२ मिनिटं, उरलेला वेळ भौतिकशास्त्राला. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि कोरे राहिलेले सगळे प्रश्न भरा. गुण कापत नसताना प्रश्न कोरा सोडणं म्हणजे बसच्या तिकिटाचे पैसे देऊन चालत जाणं. चार पर्यायांत सोळा प्रश्न अंदाजाने भरले तर सरासरी चार गुण पदरात पडतात, आणि गर्दीच्या मधल्या पट्ट्यात चार गुणांनी क्रमांक बराच सरकतो.

सावध: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या बरोबरीने किंवा खाली आहेत. तुमचे गुण तेव्हा ३८ ही असू शकतात. परिषदेच्या नियमांत खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींसाठी ४० पर्सेंटाइलची अट आहे. गुणपत्रकावर ५२ पाहून "जेमतेम पास" म्हणून पुढची प्रक्रिया सोडून दिलेली मुलगी मला ठाऊक आहे.

## टप्पा ७: पुन्हा नोंदणी, मग पसंतीक्रम

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाला अर्ज झाला, असं समजणारे दरवर्षी सापडतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी करावी लागते. सीईटीचा निकाल लागल्यापासून कक्षाचं संकेतस्थळ रोज सकाळ-संध्याकाळ उघडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली तारीख खरी धरू नका. दोन वर्षांपूर्वीचं वेळापत्रकही तिथे आनंदाने फिरत असतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःचं नाव, प्रवर्ग, गुण, सगळं जुळवून पाहा. हरकत घ्यायची ती याच वेळी. अंतिम यादीनंतर चूक सापडली तर ती तुमची.

पसंतीक्रमाचा नियम एका वाक्यात: जिथे जायची सर्वात जास्त इच्छा आहे ते पहिलं, आणि जिथे जाणारच नाही ते यादीतच नको. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या गुणांत बसणारं पहिलं कॉलेज देतो. वर मोठं नाव लिहिल्याने खालची संधी जात नाही. म्हणून "मला मिळणार नाही" असं म्हणत सरकारी कॉलेजं गाळू नका.

पण उलटी चूक जास्त महागात पडते. मुंबईचं जे. जे., पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल लिहायचं, स्वतःच्या जिल्ह्यातली दोन कॉलेजं लिहायची आणि थांबायचं. काठावरच्या उमेदवाराने पाच नावांवर थांबणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. यादी लांब करा. शेजारचे दोन-तीन जिल्हे घ्या, वसतिगृह आहे का पाहा, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजची फी किती ठरवली आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा, आणि मग क्रम लावा. हे काम कॅफेत बसून होत नाही. घरी कागदावर यादी करून, आईवडिलांशी "एवढ्या लांब पाठवाल का?" हे बोलून घ्या. जागा मिळाल्यावर "मुलीला इतक्या दूर कसं पाठवायचं" असा घोळ झाला की जागाही जाते आणि फेरीही.

जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत मूळ कागदांसह हजर व्हा. वैद्यकीय शाखांच्या फेऱ्यांमध्ये 'स्टेटस रिटेन्शन फॉर्म' नावाचा कागद असतो. तो भरला की मिळालेली जागा कायम होते आणि पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. तो न भरता पुढे गेलात आणि वरची जागा मिळाली, तर आधीची आपोआप सुटते, परत मागता येत नाही. म्हणून तो कागद "सही करा इथे" म्हणणाऱ्याच्या घाईत भरू नका आणि विसरूनही जाऊ नका. समाधान असेल तरच भरा.

तपासा: पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून घरी बसू नका. काठावरच्या मुलांना जागा मिळतात त्या नंतरच्या फेऱ्यांत, कारण वरच्या मुलांपैकी काही जण दुसऱ्या वैद्यकीय शाखांकडे निघून जातात. शेवटची फेरी संपेपर्यंत कागदांची पिशवी दाराशी असू द्या.

## टप्पा ८: पैसे देण्याआधी

कॅपमधून मिळालेली जागा आणि संस्थास्तरावर, म्हणजे थेट कॉलेजकडून व्यवस्थापन कोट्यात घेतलेली जागा यांत फरक आहे, आणि तो पुढची चार वर्षं भोवतो. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते, पण केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. जुलैत घाबरून थेट कॉलेजात पैसे भरणाऱ्या घरांना हे सप्टेंबरमध्ये कळतं. सवलतीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी भरावा लागतो, तोही लक्षात ठेवा.

कॉलेज खाजगी असेल तर तिथे जाऊन या चार गोष्टी पाहा. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत या वर्षी नाव आहे का. मागच्या वर्षीची मान्यता दाखवतील, ती नको. बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाशी संलग्नता आहे का. स्वतःचं रुग्णालय किमान १०० खाटांचं आहे का. आणि खाटांवर रुग्ण आहेत का. शेवटचं कागदावर दिसत नाही. सकाळी दहाला वॉर्डात चक्कर मारा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, "पोस्टिंग कुठे असतं गं तुमचं?" मुली खरं सांगतात.

परराज्यातल्या कॉलेजच्या एजंटला एवढाच प्रश्न विचारा: "रोज हजर राहावं लागेल का?" तो "फक्त परीक्षेला या" म्हणाला की फोन ठेवा. नर्सिंगला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते आणि पदवीपूर्वी प्रात्यक्षिकाची १०० टक्के हजेरी भरून द्यावी लागते. जिथे हजेरी लागत नाही तिथलं प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी तुम्हाला एकटीला सांभाळावं लागतं.

## टप्पा ९: प्रवेश झाला, आता पहिले दहा आठवडे

बारावीत ३५ ला पास होता येत होतं. इथे नर्सिंगच्या विषयांत उत्तीर्णतेला ५० टक्के लागतात, थिअरीत वेगळे आणि प्रात्यक्षिकात वेगळे. काठावरून आत आलेल्या मुली पहिल्या सत्रात अडकतात त्या बुद्धीने कमी म्हणून नाही. शरीररचनेची इंग्रजी नावं एकदम अंगावर येतात म्हणून. वर्ग सुरू होण्याआधी मिळालेल्या रिकाम्या आठवड्यांत बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडा आणि हाडांची, अवयवांची नावं उच्चारासकट पाठ करा. वसतिगृहात अशी एक खोलीसोबतीण शोधा जी रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचायला तयार असेल.

कॉलेजात मूळ कागद जमा करताना यादी करून त्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि देण्याआधी प्रत्येक कागदाच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. शिष्यवृत्ती, बँकेचं कर्ज, एसटीचा पास, सगळीकडे त्याच लागतात आणि मूळ कागद कपाटात कुलपाआड असतात.